अष्टमीची चूल

चैत्र वद्य अष्टमीला माढ्यात रावजींच्या घरी चूल पेटत नसे. गुरांचं वैरण-पाणी व्हायचं, कोंबड्यांना दाणे पडायचे. माणसांच्या पोटात मात्र दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही जात नसे. त्यांचा मुलगा सिद्राम लहान असताना एकदा शेजारच्या घरी जाऊन गूळ-शेंगा खाऊन आला. आजीने, म्हणजे दगडाबाईने, त्याला मारलं नाही. देवघरापुढे नेऊन बसवलं आणि चांदीच्या एका टाकाकडे बोट दाखवलं.

"ह्यो उपाशी मेला. आन् तू शेंगा खातूस व्हय?"

तो टाक रावजींच्या भावाचा, भीमाकाकाचा होता. घराण्यातला कोणी लढाईत पडला की त्याचा वीर करायचा, चांदीच्या पत्र्यावर त्याचा ठसा उठवून देवांच्या ओळीत बसवायचा, ही त्या घरातली जुनी रीत. सोनाराकडे वीराचा ठसा एकच : घोड्यावर बसलेला, हातात भाला. भीमाकाका मराठा पलटणीतला, पायदळातला नाईक. उभ्या जन्मात तो घोड्यावर बसला नव्हता. सिद्रामला कळायला लागल्यापासून ही गोष्ट खटकायची. वडिलांना विचारलं की रावजी एवढंच म्हणत, "वीर घोड्यावरच असतोय."

त्या वीराची कथा गावात सगळ्यांना पाठ होती. मोठ्या लढाईत, बसऱ्याच्या वर, कूत नावाच्या गावात तुर्कांनी इंग्रजांची फौज कोंडली. महिने गेले, धान्य सरलं. साहेबांनी तोफखान्याची घोडी मारून लोकांना खायला घालायला सुरुवात केली. पण भीमाने घोड्याला तोंड लावलं नाही. खंडोबा ज्याच्यावर बसतो ते जनावर खायचं कसं? भीमा उपाशी राहिला आणि अष्टमीला तसाच मेला.

हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, याचा धागा सिद्रामने पुष्कळदा मागे मागे नेऊन पाहिला होता. तो दर वेळी एकाच जागी तुटायचा. लढाई संपल्यावर भीमाच्या तुकडीतला एक शिपाई माढ्याला आला होता. त्याने भीमाचा पटका उंबऱ्यावर ठेवला, दगडाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि आला तसा निघून गेला. बोलला काहीच नाही. पुढचं सगळं गावाने त्याच्या गप्प बसण्यातून रचलं.

तो शिपाई म्हणजे धोंडीराम हवालदार.

सिद्राम पुण्याहून बी.एस्सी. होऊन सोलापुरात एका शाळेत शास्त्र शिकवायला लागला, आणि त्याला भवानी पेठेत खोली मिळाली ती नेमकी धोंडीरामच्या घरासमोर. हवालदार आता गिरणीच्या दारावर जमादार होता. पन्नाशीच पार केलेली, पण केस कापसासारखे, दात फार थोडे, आणि पाठ मात्र भिंतीला लावून आखल्यासारखी सरळ. सिद्रामने प्रश्न विचारून विचारून त्याला हैराण केलं. तिकडच्या वाळूचं वादळ कसं असतं, खंदकात पाणी कुठून शिरतं, तोफेचा आवाज आधी की गोळा आधी. धोंडीराम सगळं सांगायचा, हातांनी करून दाखवायचा. खाण्यापिण्याचा विषय निघाला की मात्र उठून तंबाखूची चंची शोधायला लागायचा.

सिद्रामने त्याची एक सवय टिपून ठेवली होती. रोज सकाळी ताटावर बसण्याआधी हवालदार चतकोर भाकरी बाजूला काढायचा, बाहेर यायचा आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या शेखलाल टांगेवाल्याच्या घोडीला ती भरवायचा. पाऊस असो, ताप असो. शेखलालही वेढ्यात होता, तोफखान्यातल्या घोड्यांचा साईस म्हणून. तो नेहमी म्हणायचा, "हवालदार, तुमच्या हातची खाऊन खाऊन ही माझं ऐकत नाही." पण भाकरी का, हे दोघांपैकी कोणीच सांगत नसे.

हवालदाराची मुलगी सोनाबाई. सोळा-सतरा वर्षांची, मराठी सातवी झालेली, बोलायला धारदार. तिची सोयरीक दोनदा ठरून मोडली होती. दोन्ही वेळा कोणीतरी मुलाकडच्यांच्या कानाला लागलं : बाप तिकडं घोडं खाऊन आलाय. धोंडीरामला समोरासमोर विचारलं की तो हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. बजाबाई, त्याची बायको, डोकं धरून बसे. "एक सबूद बोलायचा. 'न्हाय' म्हनायचं. तेवढं बी ह्यांच्या तोंडातनं निगंना."

मग सिद्रामनेच वडिलांना सांगितलं, लग्न करीन तर सोनाबाईशी. रावजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजीने निकाल दिला. येत्या अष्टमीला, वीराच्या दिवशीच, सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबापुढे हवालदाराने बेल-भंडार उचलून सांगावं. खाल्लं नसेल तर पोरगी आमची. खाल्लं असेल तर विषय संपला. बेल आणि भंडार तळहातावर घेऊन कोणी खोटं बोलत नाही. बोललाच तर त्याचं घर खंडोबा बघून घेतो.

धोंडीराम म्हणाला, "येतो."

अष्टमीला सकाळच्या गाडीने रावजी आणि आजी सोलापुरात उतरले. आजीच्या कमरेला फडक्यात बांधलेला टाक होता. सिद्राम शेखलालचा टांगा घेऊन स्टेशनवर आला होता. सकाळच्या त्या प्रहरीही ऊन डोळ्यांवर आपटत होतं.

"बसा की आईसाहेब," शेखलाल म्हणाला. "सांभाळून. पायरी उंच आहे."

टांगा बाळ्याच्या वाटेला लागला. घोडी आपल्या मनाने चालत होती. थोडा वेळ गेल्यावर आजी म्हणाली, "का रं बाबा, चाबूक न्हाय व्हय तुज्याकडं?"

"हाय की आई. तो काय, वर खोचलाय. शोभेला."

"अशानं सांजच्याला पोचू. घोडी हाय का सासू?"

"सासूच समजा. हिच्यापुढं आपली काय बात चालत नाही."

आजी हसली नाही, पण तिचे ओठ हलले. रावजी ताठ बसून समोर बघत होते. त्यांनी नवा पटका बांधला होता.

धोंडीराम आणि घरची माणसं पायीच पुढे निघून देवळापाशी पोचली होती. बजाबाईच्या काखेत भाकरीचं गाठोडं होतं. तिच्या घरी काही उपास नव्हता. सोनाबाई चिंचेखाली कोणाकडे न बघता उभी होती. सिद्राम घोडीला पाणी दाखवायला म्हणून टांग्याच्या मागे गेला, आणि पलीकडचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

"हवालदार, नाही म्हणा अन् खलास," शेखलाल खालच्या आवाजात सांगत होता. "पोरीची जिंदगी आहे. तिकडचं बघितलेला इथं मी एकटा. मी काय बोलणार नाही. अल्लाकसम."

"शेखलाल," धोंडीराम म्हणाला, "पाखऱ्याचं नाव घेऊन तू मला म्हन, खोटं बोल. मग बोलतो."

 शेखलाल घोडीचा पट्टा सैल करायला लागला, जो आधीच सैल होता.

पाखऱ्या कोण ते सिद्रामला ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळं कळलं. हवालदाराने खाल्लं होतं, आणि तो तसंच सांगणार होता. आता पुढे होऊन आजीला म्हणावं, हे राहू दे, घरी चला, असं त्याला वाटलं. पण तो घोडीपाशीच पाण्याची बादली धरून उभा राहिला. सोनाबाईकडे बघायचा धीरही झाला नाही.

देवळाच्या मंडपात दगड गार होते. खांब, पायऱ्या, नंदी, सगळ्यांवर भंडाऱ्याचा पिवळा थर बसलेला. आजीने फडकं सोडून टाक देवापुढच्या दगडावर ठेवला. पुजाऱ्याने धोंडीरामच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर भंडाऱ्याची चिमूट.  

रावजींनी घसा साफ केला. "हवालदार, देवापुढं इच्यारतो. वेढ्यात तुमी घोडं खाल्लं का न्हाय?"

"खाल्लं."

बजाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. सोनाबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. रावजी उठले. "झालं. चल आये. गाडीला अजून टाईम हाय, स्टेशनात बसू."

"थांब," आजी म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "तुजं इच्यारून झालं. माजं राहिलंय."

"आता काय राहिलं?"

"गप बस." तिने धोंडीरामकडे तोंड केलं. तिला आता माणूस धूसर दिसायचा, म्हणून ती आवाजाच्या दिशेने बघायची. "माज्या भीमानं?"

 सिद्रामला वाटलं, आता तरी हा माणूस खोटं बोलेल. स्वतःची बाजी तो हरलाच होता. आता एक 'न्हाय' म्हटलं तर कोणाचं काही जात नव्हतं. एका म्हातारीचा वीर तिच्या देवघरात होता तसा राहिला असता.

"आई," धोंडीराम म्हणाला, "माज्या हातात भंडार हाय म्हनून इच्यारताय, का तुमाला ऐकायचं हाय म्हनून?"

"ऐकायचं हाय."

धोंडीराम खाली बसला. हात मात्र तसाच पुढे धरलेला.

"आई, पयल्यांदा कुनीच खाईना. आमी बी न्हाय, मुसलमान बी न्हाय. हिरड्या सुजल्या, दात हलाय लागले. बंदूक उचलाय गेलं की डोळ्यांम्होरं अंधारी. रोज सकाळी एकांदा उठायचाच न्हाय. हिंदुस्थानातनं निरोप आला, पंडितांचा, मौलवींचा : खावा, पाप न्हाय. पर निरोप धाडनारे काय आमच्या पोरांला पोरी द्याय येनार व्हते? आमी एकमेकांकडं बगायचो. ह्यानं गावाकडं जाऊन सांगितलं तर? ते भ्या गोळीपरीस मोटं. मरू पर बाटनार न्हाय, आसं म्हनत सगळे मराय लागले."

त्याने तळहातावरचं बेलाचं पान सावरलं. 

"मग भीमा उटला. म्हनला, 'गड्यांनो, मी बिनलग्नाचा. माज्या मागं पोर न्हाय, सोयरीक न्हाय. माजं काय मोडनार? मी खातो. गावाकडं जाल तवा सांगा, भीमानं एकट्यानं खाल्लं, आमी न्हाय. समदं माज्या नावावर टाका आन् सुटा.' आन् आमच्या म्होरं मांडी घालून बसला. लग्नात पंगतीला बसावं तसा. सावकाश खाल्लं. तोंड वाकडं केलं न्हाय. खाऊन झाल्यावर म्हनला, 'बाटायचा त्यो मी बाटलो. आता तुमी औषीद म्हनून घ्या.' तवा आमी खाल्लं, आई. त्याच्यामुळं मी हाय. माज्यासारके आनकी बी घरी आले."

"घोडा माझा होता, आईसाहेब."

सगळ्यांनी मागे पाहिलं. शेखलाल मंडपाच्या पायरीशी उभा होता. पायताण काढलेलं, टोपी हातात.

"पाखऱ्या नाव. रंग काळा, कपाळावर चांद. माझ्या हातावरची दाणा-चंदी खायचा. मी त्याला कसायाकडं नेऊन दिला, हुकूमच होता, अन् तोफेच्या चाकामागं जाऊन बसलो. तेव्हा भीमा नाईक माझ्याकडं आला. म्हणाला, 'शेखलाल, त्याचं नाव काय होतं?' किती घोडे कापले, आई, कुणी नाव विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यानं दोन्ही हात जोडले, नाव घेतलं, मग गेला अन् खाल्लं. त्या दिवसापासून मी त्याचा."

सिद्रामची नजर टाकाकडे गेली. इतकी वर्षं त्याला खटकणारी चांदीवरची ती दोन अंगुळांची आकृती समोर होती : खाली घोडा, वर माणूस. सोनाराने सवयीने उठवलेला ठसा. आज पहिल्यांदा तो त्याला चुकीचा वाटला नाही. शास्त्राच्या पुस्तकांत त्याने उपासमारीबद्दल जे वाचलं होतं ते त्याला आठवलं. हिरड्या का सुजतात हे तो कोणालाही समजावून सांगू शकला असता. पण मरणाला तयार झालेली माणसं ज्या भीतीने अडून बसली होती, ती सगळी एका माणसाने मांडी घालून, सावकाश, एका जेवणात खाऊन टाकली होती. याला त्याच्याकडे नाव नव्हतं. त्याला फक्त वाकावंसं वाटलं.

रावजी धोंडीरामकडे वळले. "मग त्या टायमाला आमच्या दारात आला तवा का न्हाय बोललास?"

"काय बोलू? भीमानं सांगून ठेवलेलं, सगळं माज्यावर टाका. तसं बोलावं तर त्यानं एकट्यानं खाल्लं ही लबाडी. आन् कुनीच न्हाय खाल्लं म्हनावं तर ती बी लबाडीच, आन् वर त्याचं केलेलं सगळं पुसायचं. दोन्ही जमंना. पानी प्यालो आन् गेलो." धोंडीरामने मान खाली घातली. "ह्या पोरीच्या टायमाला लई येळा वाटलं, म्हनून टाकावं न्हाय. पर घास आडवा यायचा."

 आता आजीने विचारलं, आणि ते विचारताना तिचा आवाज अगदी लहान झाला.

"किती दिस खाल्लं त्यानं?"

"तितनं पुढं मरंस्तवर, आई."

"रोज?"

"रोज."

"पोट भरंस्तवर?"

धोंडीरामने मान वर केली. त्या म्हातारीला काय हवंय ते त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं, कारण तो घाईघाईने, एखाद्या भुकेल्याला वाढावं तसा बोलायला लागला. "व्हय आई, पोटभर. भूक लई त्याला, तुमाला ठावं हाय. माज्यातलं बी उरलेलं खायाचा. ज्या दिवशी गोळी लागली त्या सकाळी बी खाऊनच नदीवर पान्याला गेला. ढेकर दिला मोटा, तुर्काला ऐकाय जाईल आसा. मी म्हनलं, हळू दे की मर्दा."

"बारका व्हता तवापासनं त्याचा ढेकर तसाच," आजी म्हणाली. "बा वरडायचा."

आणि ती रडायला लागली. हसत होती की रडत होती हे सिद्रामला आधी कळेना. तिने टाक उचलला, पदराने पुसला, गालाला लावला. "माजं लेकरू उपाशी न्हाय गेलं. रावजी, आयकलंस का? खाऊन गेलं. आन् मी येडी. भाकरी मोडाय घेतली की पयला तुकडा हातात जड व्हायचा. इतकी वर्सं. मला वाटायचं त्यो तितनं बगतुया."

सिद्राम अष्टमीचा उपास आजवर घराण्याचा ताठा समजत आला होता. आजी रोजच्या रोज कोणाबरोबर जेवायला बसत होती ते त्याला आज कळलं.

आजीने डोळे पुसले. "हवालदार, भंडार लाव कपाळाला. हात आखडला आसंल." मग ती बजाबाईच्या दिशेला वळली. "बाई, तुज्याकडं बांदलेलं काय हाय?"

बजाबाई गोंधळली. "भाकरी हाय. शेंगाची चटनी, कांदा. पर आत्याबाई, तुमचा आज..."

"वीर जेवलेला हाय. आमी कशापायी उपाशी मरायचं? सोड गाठोडं. पोरी, तू इकडं ये, माज्या शेजारी बस. नाव काय तुजं? सोना व्हय? मोड भाकरी. पयला देवाला, दुसरा भीमाला. आन् चतकोर मला दे, कोरडा."

सोनाबाईने टाकापुढे भाकरीचा तुकडा ठेवला, वर चटणी ठेवली. आजी चतकोर घेऊन उठली. सिद्राम हात धरायला पुढे झाला, तिने तो झटकला. चाचपडत, उन्हात, ती टांग्यापाशी गेली. घोडीने मान खाली केली. म्हातारीने तळहातावर भाकरी धरली आणि घोडीने ओठांनी ती अलगद उचलून घेतली.

"लई मऊ ओठ हायेत की रं तुज्या सासूचे," आजी म्हणाली. शेखलालने टोपी तोंडावर धरली होती. 

आजी परत येऊन बसली आणि जेवायला लागली. सिद्रामने अष्टमीला तिला कधी जेवताना पाहिलं नव्हतं. दात नसल्यामुळे ती घास बराच वेळ घोळवायची. धोंडीराम समोर बसून ते नुसतं बघत होता. त्याच्या कपाळावर भंडारा होता आणि पुढ्यातल्या भाकरीला त्याने अजून हात लावला नव्हता.

उभे होते ते एकटे रावजी, खांबाला पाठ लावून. हवालदाराच्या घरची भाकरी खाल्ली की सोयरीक झाली, मग भावकी काहीही म्हणो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोनाबाई उठली आणि तिने अर्धी भाकरी त्यांच्यापुढे धरली. तिने मान खाली घातली नाही. रावजींनी भाकरीकडे पाहिलं, मग दगडावरच्या टाकाकडे, मग पुन्हा भाकरीकडे.

"धर की रं," आजी तोंडात घास ठेवूनच म्हणाली. "पोरीचा हात दुकाय लागला."

रावजींनी डोक्यावरचा नवा पटका काढला. वाकून तो टाकाच्या पायाशी ठेवला, टाकाच्या आणि धोंडीरामच्या मधोमध. मग ते मांडी घालून खाली बसले, सावकाश, पंगतीला बसावं तसे, आणि दोन्ही हात पुढे केले.

पहिला घास त्यांनी चावून खाल्ला.  मग म्हणाले,

"चटनी ठेवलीया का गं सोने, का सगळी म्हातारीनंच संपवली?"